तांबड्या ओळीतले नाव

मिरजेच्या एका कारागिराने विचारलेला साधा प्रश्न गेल्या पावसाळ्यापासून माझ्या मनातून जात नाही. सांगली परिसरातल्या पतसंस्थांची हिशेबाची संगणकप्रणाली सांभाळणे हे माझे काम. त्या दिवशी एका शाखेत वसुलीसाठी लागणारी थकबाकीची यादी छापली जात नव्हती, म्हणून मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून टर्मिनल, म्हणजे आदेश टंकून काम करायचा काळा पडदा, उघडले होते. बाहेर झड लागली होती, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग पडला होता आणि खोलीत कुबट कागदांचा वास भरला होता. काउंटरपलीकडे तंतुवाद्ये बनवणारे साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या कपड्यांना पॉलिशचा उग्र वास येत होता आणि नखांच्या कडांना लाकडाचा बारीक भुसा चिकटलेला होता. काळ्या पडद्यावर नावे सरकत होती, ती त्यांनी मान वाकडी करून पाहिली आणि विचारले, "ताई, माझं नाव तांबडं का दिसतंय?" मी म्हणाले, "काका, तीन हप्ते राहिलेत ना, म्हणून ते तसं येतं." ते क्षणभर थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बरं. मग त्यात मुद्दल किती राहिलं आणि व्याज किती, ते दिसतंय का तिथं?" ते तिथे दिसत नव्हते. त्या यादीत नाव होते, खाते क्रमांक होता, जामीनदारांची नावे होती, थकलेले दिवस होते आणि शेवटी एकच एकत्रित आकडा होता. "ते वेगळं काढावं लागेल," असे मी म्हणताच त्यांनी "असू द्या" म्हणून मान हलवली आणि ते हप्ता भरायच्या खिडकीकडे वळले.

ही यादी ज्यांच्यासाठी बनवली होती, त्यांच्या दृष्टीने तिच्यात काहीच कमी नव्हते. वसुली अधिकाऱ्याला सकाळी मोटारसायकल काढताना कोणाच्या दारी आधी जायचे एवढे कळायला हवे असते, आणि त्यासाठी हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन रंग पुरतात. टर्मिनलमध्ये रंग देणे हे तसे सोपे काम आहे. एस्केप, त्यापुढे चौकोनी कंस, ३१ आणि एम अशी अक्षरे मजकुराच्या आधी पाठवली की पुढचा मजकूर तांबडा होतो. ३२ म्हणजे हिरवा, ३३ म्हणजे पिवळा, आणि शून्य पाठवले की सारे पूर्ववत होते. मला टर्मिनलची ओढ कॉलेजपासून आहे. खिडक्या, चित्रे, बटणे यांच्या गर्दीत जे काम हरवून जाते, ते त्या काळ्या पडद्यावर एका ओळीत मावते. टर्मिनलवर टंकलेले आदेश चालवणारी जी बॅश नावाची प्रणाली, तिच्या माझ्या मांडणीची फाईल मी वर्षानुवर्षे जपली आहे. एक संगणक गेला, दुसरा आला, पण ती फाईल माझ्याबरोबर येत राहिली. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आदेश टंकायच्या ओळीच्या सुरुवातीला, कोणत्या संस्थेच्या सर्व्हरवर मी आहे ते ठळक दिसते, चालू आर्थिक वर्ष दिसते, आधीचा आदेश फसला असेल तर त्याची खूण दिसते. रोज लागणाऱ्या लांबलचक आदेशांना मी रोजकीर्द, खतावणी, थकीत अशी छोटी नावे दिली आहेत. फॉन्ट कोणता, दोन ओळींत अंतर किती, पार्श्वभूमीचा काळा किती गडद ठेवायचा, यावर मी घालवलेल्या रात्री मला वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत. माणूस ज्या साधनाने पोट भरतो, ते त्याच्या हाताच्या आणि डोळ्याच्या मापाचे असावे, असे मला मनापासून वाटते. या पडद्याची ८० अक्षरांची रुंदी आयबीएमने १९२८ साली आणलेल्या ८० स्तंभांच्या पंचकार्डापासून चालत आली, आणि ती कार्डे मोजदादीच्या व हिशेबाच्या यंत्रांसाठी होती, हे वाचल्यावर तर आपण एका जुन्या पेढीवरच बसलो आहोत असे मला वाटले होते.

त्या पेढीवर कर्जदाराला बसायला जागा आहे का, हा विचार मात्र त्या दिवसापर्यंत मनात आला नव्हता.

आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यात आहे. घरातल्या एका पत्र्याच्या पेटीत, वतनाच्या आणि लग्नपत्रिकांच्या कागदांखाली, मोडीत लिहिलेला एक घडीचा कागद पणजोबांपासून जपलेला होता. घरात कोणालाच मोडी येत नव्हती. आजी म्हणायची, "तो कागद हरवायचा नाही, त्यात आपली जमीन आहे." पुढे मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून तो साताऱ्यात वाचून घेतला, तेव्हा कळले की त्यात जमिनीविषयी एक अक्षरही नाही, सावकाराला काही रुपये पोचल्याची ती पावती आहे. मला आजीचे चुकले असे वाटत नाही. ती पावती नसती तर जमीन राहिली नसती, आणि एवढेच ज्ञान दोन पिढ्या न वाचता एकमेकींना देत आल्या. सावकाराचा दिवाणजी खत वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्याने मान हलवायची आणि अंगठा उमटवायचा, असा तो व्यवहार होता. काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे.

१८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख आपल्याला शाळेतल्या इतिहासातून माहीत असते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. मोठेपणी तो इतिहास पुन्हा वाचताना मला सर्वांत जास्त थांबवणारी गोष्ट ही वाटली की त्या लोकांना मुख्यतः कागद हवे होते. ते खते, रोखे आणि वह्या मागत होते. जिथे ते मुकाट्याने हाती आले, तिथे पुढचा हिंसाचार फारसा झाला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या सांगलीच्या शिराळा तालुक्यातल्या कोकरूडमध्येही सावकाराच्या वह्या जाळल्या गेल्या. त्यामागे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले आणि नंतर कोसळलेले कापसाचे भाव होते, फेरमोजणीनंतर वाढलेला शेतसारा होता. पण त्या वह्यांच्या आतही एक कारण दडलेले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावर दावा लावायला तीनच वर्षांची मुदत ठेवली. हेतू असा होता की जुनी कर्जे अनंत काळ चालू नयेत. प्रत्यक्षात मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवू लागला, आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच करू लागला. मूळ किती घेतले होते आणि किती फेडले, हे त्या नव्या खतावर कुठेच नसायचे. तिथे एकच एकत्रित आकडा असायचा.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच यादीचा शेवटचा स्तंभ येत राहिला.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात असल्यामुळे माझ्या पणजोबांना तो लागू होता. इथून जवळच असलेल्या सांगलीत पटवर्धनांचे संस्थान होते, आणि ब्रिटिश मुलखाचा कायदा तिथे आपोआप चालत नव्हता. म्हणजे एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन कुळांचे हक्क शिवेवरून ठरत होते. या कायद्याने कर्जदाराची अटक आणि तुरुंग पैशाच्या हुकूमनाम्यापुरते, म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाचा निकाल झाल्यावर वसुलीसाठी होणारे, तरी बंद केले, आणि स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन विकायला मनाई केली. परंतु माझ्या लेखी त्यातली सर्वांत खोलवर जाणारी तरतूद निराळी आहे. न्यायालयाने समोर ठेवलेल्या खतावर विसंबू नये, व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपर्यंत मागे जावे, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडावा आणि मगच देणे ठरवावे, असे त्या कायद्याने सांगितले. करार झाला, सही झाली, आता प्रश्न विचारू नका, या त्या काळच्या ठाम समजुतीला हा सरळ धक्का होता. त्याचबरोबर शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची पावती मिळावी, वर्षातून एकदा खात्याचा उतारा मिळावा आणि मागितल्यास पासबुकही मिळावे, असे हक्क लिहून ठेवले गेले. आमच्या पेटीतली पावती कोणत्या कलमामुळे लिहिली गेली हे मी सांगू शकत नाही, पण पावती मागता येते ही जाणीव ज्या काळात या भागात मूळ धरत होती, त्या काळातला तो कागद आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. दुय्यम न्यायालयांचे दप्तर तपासत जिल्ह्यांतून फिरणे हा त्या पदाचा मोठा भाग होता. अर्थशास्त्रावर लिहिणारे रानडे आपल्याला ठाऊक असतात. पण कुठल्या तरी तालुक्याच्या कचेरीत बसून एका कुणब्याचे बारा वर्षांपूर्वीचे मुद्दल शोधण्याचे ते काम मला तितकेच मोठे वाटते. कायद्याला पळवाटाही फुटल्या. गहाणखताचा हिशेब उकरता येतो म्हटल्यावर सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कर्ज दिले असे कुठेच लिहायचे नाही, जमीन विकत घेतली असे लिहायचे. ही युक्ती आजही संपलेली नाही. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात, अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचे अधिकार जिल्हा निबंधकांना द्यावे लागले. सावकाराने मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेऊ नये हा दामदुपटीचा धर्मशास्त्रातला जुना नियमही आपल्याकडच्या कायद्यांनी जपला. कोणत्याही हक्काचा इतिहास असा सरळ रेषेत पुढे जाताना मला दिसलेला नाही. कागद बदलला की त्या हक्काला नव्याने लढावे लागते.

कागदाच्याही आधी देह होता. पेशवाई संपल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने लिहिलेल्या अहवालात इथल्या तगाद्याचे वर्णन आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवून ठेवायचे. तो वरचढ असेल तर त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडायचे, दारात उपाशी बसून राहायचे, म्हणजे त्यालाही जेवता येत नसे. हे धरणे आपल्या समाजात इतके रुळलेले होते की १८६० च्या भारतीय दंड संहितेत, एखाद्याला दैवी कोपाची भीती घालून काही करायला लावण्याच्या ५०८ व्या कलमाखाली, दारात धरणे धरून बसलेल्या माणसाचेच उदाहरण दिले गेले. दिवाणी तुरुंग तर स्वतंत्र भारतातही राहिला. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कर्जदाराला आजही तीन महिन्यांपर्यंत अटकेत ठेवता येते, तेवढ्या काळात त्याच्या खाण्याचा खर्च धनकोने द्यायचा असतो, आणि सुटून आल्यावर कर्ज मात्र तसेच राहते. स्त्रियांना पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अशी अटक करता येत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात घालता येणार नाही. ऐपत असूनही तो लबाडीने देणे टाळत आहे हे दिसले पाहिजे. नाही देता येत आणि नाही द्यायचे, या दोहोंतला फरक त्या निकालाने मध्यभागी आणून ठेवला. माझ्या यादीत मात्र दोघेही एकाच रंगात होते. तीन हप्ते चुकले की आजारी बायकोसाठी पैसे खर्चलेला माणूस आणि संस्थेच्या संचालकाशी ओळख सांगून मुद्दाम न भरणारा माणूस एकाच ३१ या आकड्याने तांबडे होत होते.

कर्जाच्या कायद्यांचा इतिहास वाचत मागे मागे गेले, तशी मी बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या शिलालेखापर्यंत पोचले. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याच्या ४८ व्या कलमात असे म्हटले आहे की वादळाने पीक आडवे झाले, पूर आला किंवा पाण्याअभावी धान्य आले नाही, तर त्या वर्षी कर्जदाराने धनकोला धान्य देऊ नये. त्याने आपली मातीची करारपाटी पाण्याने भिजवावी आणि त्या वर्षाचे व्याज देऊ नये. हे वाक्य मी सांगलीत बसून वाचत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांच्या पुढे मजल मारली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पाणी उतरल्यावर गावभाग, हरभट रोड, मारुती चौक इथल्या दुकानांतून चिखलाने फुगलेल्या वह्या बाहेर आल्या. कित्येक दिवस गच्च्यांवर, कठड्यांवर, दोऱ्यांवर हिशेबाची पाने वाळत पडलेली होती आणि हवेत गाळाचा आंबूस वास होता. एका संस्थेचा सर्व्हर पाण्याखाली गेला होता. त्याची आदल्या आठवड्यातली प्रत विश्रामबागेत वर कोरड्या जागी ठेवलेली होती, ती मी नव्या यंत्रावर चढवली. टर्मिनलवर एकेक तक्ता परत येत गेला. एकही खाते गहाळ झाले नाही. माझ्या कामातला तो अभिमानाचा दिवस होता आणि अजूनही आहे. तरी त्या रात्री प्रणालीने, दुकान पाण्यात असलेल्या दिवसांचेही व्याज बिनचूक आकारलेले मी पाहिले. पाण्याने पाटी भिजली तर त्या वर्षी माफी, असे म्हणणाऱ्या माणसांच्या मनात कोणता पूर असेल, हे मला त्या कलमाने पुष्कळ उशिरा दाखवले.

त्याच शिलालेखात आणखी एक कलम आहे. कर्जापोटी कोणी दुसऱ्याचा बैल जप्त केला, तर त्यालाच एक तृतीयांश मिना (वजनाचे जुने माप) चांदीचा दंड. बायबलमधल्या जुन्या करारात जात्याची वरची किंवा खालची तळी गहाण घेऊ नये असे सांगितले आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. आणि आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम मी जितक्या वेळा वाचते, तितक्या वेळा मला ते एखाद्या घरात हळूच शिरून पाहिल्यासारखे वाटते. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या पोटापाण्याला आवश्यक तेवढी जनावरे आणि बी-बियाणे जप्त करता येत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी राहत असलेले त्याचे घर जप्त करता येत नाही. आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. मिरजेच्या त्या काकांची पटाशी, कानस, रंधा, घोडीवरची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा तिचा सूक्ष्म उतार, काढायची बारीक कानशी, एवढे सारे या तीन-चार शब्दांत सुरक्षित आहे. त्यांच्या साधनांनाही वर्षानुवर्षांच्या हाताने आकार आलेला असणार. कोणत्या गायकाला जवारी बंद हवी आणि कोणाला खुली, हे ज्या कानशीने ठरते ती बाजारात नवी आणून चालत नाही. माझ्या बॅशच्या फाईलवर मी का जीव टाकते, हे मला त्या कलमाच्या उजेडात नीट कळले. देणे कितीही असो, माणसाचे काम करण्याचे साधन त्याच्यापासून तोडू नये, हे इतक्या निरनिराळ्या समाजांना स्वतंत्रपणे सुचावे, याने माझे मन भरून येते.

दुसऱ्या बाजूचे दुःखही मी जवळून पाहिले आहे. या पतसंस्थांत पैसे सावकाराचे नसतात. रोज दुपारी पिग्मी गोळा करणाऱ्याच्या हातात भाजीवालीने ठेवलेली नोट असते, निवृत्त शिपायाची ठेव असते, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले हळदीचे पैसे असतात. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या, तेव्हा ठेवीच्या पावत्या घेऊन बंद दारासमोर बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या संस्था पुष्कळदा मोठ्या थकबाकीदारांनीच बुडवलेल्या होत्या. वसुली अधिकाऱ्याने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन दारात जाणे मला अन्यायाचे वाटत नाही. यादी हवी, आणि ती वेळेवर हवी. मला अस्वस्थ करते ते एवढेच की देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे खाते एकच असताना, ते पाहण्याची सोय एकाच बाजूने केलेली असते. जुन्या वह्या मोडीत होत्या, मग फॉक्सप्रो या जुन्या संगणकप्रणालीच्या निळ्या पडद्यावर आल्या, आता माझ्या काळ्या टर्मिनलवर आल्या. प्रत्येक वेळी त्या सांभाळणाऱ्याच्या डोळ्याला सोयीच्या होत गेल्या.

पतसंस्थेचा कर्जदार हा तिचा सभासद असतो, आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सभासदाला कार्यालयीन वेळेत, विनामूल्य, आपल्या व्यवहारांच्या नोंदी असलेला दप्तराचा भाग पाहण्याचा हक्क आहे. इतकी वर्षे मी ज्या नोंदी रंगवत आणि चाळत होते, त्या पाहायला काका परवानगी मागत होते असे मला वाटले होते, तो त्यांचा कायद्याने दिलेला हक्क होता. मग मी संस्थेच्या सचिवांशी बोलले आणि एक नवा आदेश लिहिला. खाते क्रमांक दिला की कर्ज दिल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा सारा प्रवास त्याने मांडावा: मुद्दल एका स्तंभात, व्याज दुसऱ्यात, दंडव्याज तिसऱ्यात, नोटिशीचा आणि इतर खर्च चौथ्यात, आणि भरलेला प्रत्येक हप्ता यांपैकी कशात किती जिरला तेही. हे सारे मराठीत असावे असा माझा हट्ट होता, आणि तिथे टर्मिनलने मला फार दमवले. त्याची बैठक चौकटींची आहे. प्रत्येक अक्षराला एक घर. इंग्रजी अक्षरे त्या घरांत निमूट बसतात. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरात तीन अक्षरे मिळून एक आकृती होते, आणि पडद्याला त्यांची रुंदी नीट मोजता येत नाही. 'श्रीकृष्ण' असे नाव आले की पुढचे सारे आकडे आपल्या रांगेतून सरकत, आणि व्याज मुद्दलाच्या स्तंभाखाली जाऊन उभे राही. कर्जाच्या उताऱ्यात असे होऊन चालणार नव्हते. शेवटी मी पडद्याचा हट्ट सोडला. टर्मिनल आकडे गोळा करते आणि मांडणी छापील पानावर होते, जिथे देवनागरीला तिच्या हक्काची जागा मिळते. अक्षर जरा मोठे ठेवले आहे, कारण हे पान वाचणाऱ्या पुष्कळांचे चष्म्याचे नंबर वाढलेले असतात. रंग त्यात एकही नाही.

मार्चअखेरीस सर्व कर्जदारांना हा उतारा घरपोच द्यावा, असे मी सुचवले तेव्हा कागदाचा आणि टपालाचा खर्च निघाला, चर्चा लांबली, आणि सध्या तो मागणाऱ्यालाच मिळतो. मागणारे सुरुवातीला अगदी थोडे होते. आता शनिवारी, मिरजेचा आणि आसपासच्या खेड्यांतला माणूस बाजाराला येतो तेव्हा, काउंटरवर पान मागणारे दिसतात. एखादी बाई शाळेत जाणाऱ्या मुलाला बरोबर आणते आणि त्याच्याकडून ओळीवर बोट ठेवून वाचून घेते. काहींचे देणे त्यांच्या अंदाजापेक्षा अधिक निघते आणि ते मुकाट्याने घरी जातात. एकाच्या खात्यात नोटिशीचा खर्च दोनदा पडलेला सापडला आणि तो वजा झाला. गेल्या महिन्यात एका रिक्षावाल्याने दंडव्याजाच्या स्तंभावर बोट ठेवून, हा दर कोणत्या सभेत ठरला असे विचारले. सचिवांनी कपाट उघडले, ठरावाचे इतिवृत्त काढले, आणि दोघे मिळून ते पान शोधू लागले.